पेढ्याचं अत्तर

सोमवार सकाळ. ऐरोलीतल्या आमच्या ऑफिसची लिफ्ट, आत कोंबलेले दहा-बारा जण, तेवढ्याच लॅपटॉपच्या बॅगा आणि वीकेन्ड संपल्याचं सुतक. अशा वेळी लिफ्टमध्ये केकचा वास आला. ओव्हनमधून आत्ताच काढलेल्या, कडा जराशा खरपूस झालेल्या केकचा. सगळ्यांची नाकं एकदम वर! "कुणाचा बर्थडे रे आज?" मागून कुणीतरी विचारलं. सहाव्या मजल्यावर दार उघडेपर्यंत निम्म्या लिफ्टनं मनातल्या मनात पेपर प्लेट हातात घेतली होती.

पॅन्ट्रीत पाहिलं, कॉन्फरन्स रूममध्ये पाहिलं. केक कुठेच नव्हता. वास मात्र माझ्या मागेमागे आला आणि थेट शेजारच्या खुर्चीत जाऊन बसला. आमच्या टीममधली नवी मुलगी. जॉइन होऊन जेमतेम आठवडा झालेला.

"तूच का ती केकवाली?" मी विचारलं.

ती हसली. पर्समधून करंगळीएवढी काचेची बाटली काढली. तोंडाशी छोटासा गोळा, आत मधाच्या रंगाचं तेल. मनगटावर एक रेघ ओढली आणि मनगट माझ्या नाकाखाली धरलं. व्हॅनिला, लोणी, करपलेली साखर. माझ्या तोंडाला चक्क पाणी सुटलं.

"अत्तर आहे?"

"परफ्यूम ऑइल म्हणतात गं. अत्तर काय, आजोबा लोक लावतात!"

त्या दिवसापासून तिचं नाव केकवाली पडलं. आणि मला एक नवीन नाद लागला.

रिपोर्टमधला आकडा

आता एक कबुलीजबाब. हा वास मला इतका का झोंबला, याला कारण होतं. त्याच्या बारा दिवस आधी माझा ब्लड रिपोर्ट आला होता. कंपनीचा दरवर्षीचा फुकट हेल्थ चेकअप. रिपोर्टची पीडीएफ आपण कधी उघडूनही बघत नाही, तोच तो. या वेळी लॅबमधून फोन आला म्हणून उघडली. एचबीए१सी : ६.१.

ज्यांना हा आकडा ठाऊक नाही, ते सुखी आहेत. गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती, ते तो सांगतो. ५.७ च्या खाली असला की आलबेल, ६.५ झाला की डायबिटीस. मधल्या पट्ट्याला म्हणतात प्रीडायबिटीस. वय वर्षं ३१, दिवसाचे दहा तास खुर्चीत, संध्याकाळी चारला टीमबरोबर चहा-बिस्किटं, रात्री दहाला 'आज डेडलाइन होती ना' म्हणून आइस्क्रीम. मी त्या पट्ट्यात नसते तरच नवल!

डॉक्टर गमतीदार होते. म्हणाले, "गाडी अजून प्लॅटफॉर्मवर आहे. सुटलेली नाही. उतरून घ्या."

आईनं मात्र गंमत केली नाही. चष्मा लावून रिपोर्ट वाचला, घडी घातली, टीव्हीच्या खाली ठेवला. "बाबांवर गेलीस," एवढंच म्हणाली आणि भांडी घासायला लागली. आमच्याकडे भांडी घासायला बाई येते.

बाबांना अठरा वर्षं डायबिटीस होता. शेवटची दोन वर्षं डायलिसिस. २०१७ मध्ये ते गेले. त्यामुळे आमच्या घरात 'शुगर' हा शब्द नुसता शब्द नाही.

तर अशी मी, गोड बंद केलेली, बिस्किटाच्या डब्याकडे पाठ करून बसणारी. आणि शेजारी केकवाली. तुम्हीच सांगा, काय करणार होते?

सहा कुप्या, दोन हात

पहिला पगार झाल्या झाल्या मी एक सॅम्पल सेट मागवला. एक-एक मिलीच्या सहा कुप्या, शर्टाच्या बटणाएवढ्या बुडाच्या. नावं वाचूनच जीव सुखावला : व्हॅनिला कपकेक, सॉल्टेड कॅरॅमल, तिरामिसू, मार्शमेलो, कोकोनट क्रीम, क्रेम ब्रुले. परफ्यूमच्या दुनियेत अशा खाऊसारख्या वासांना 'गुरमाँ' म्हणतात. फ्रेंच शब्द आहे, अर्थ खवय्या. म्हणजे आपल्याकडचा खादाड, पण टाय लावलेला.

नवशिक्याचा उत्साह काय वर्णावा! पहिल्याच रात्री सहाच्या सहा लावल्या. डाव्या हातावर मनगट, मधला भाग, कोपर. उजव्या हातावर तसंच. दहा मिनिटांत कोणता वास कुठला, काही कळेना. अर्ध्या तासानं डोकं धरलं. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "गॅसवर काही ठेवलंयस का गं?" दुसऱ्या दिवशी मी सॉल्टेड कॅरॅमल भरपूर चोपडून ऑफिसला गेले, तर मायग्रेनवाल्या सिनियरनं माझ्याकडे न बघता आपला लॅपटॉप उचलला आणि चार टेबलं पलीकडे जाऊन बसला. आणि पांढऱ्या कुर्तीच्या बाहीवर पडलेला तपकिरी डाग? तो अजून आहे. ज्या तेलात व्हॅनिलिन जास्त, ते दिवसेंदिवस गडद होत जातं आणि कपड्यावर खूण ठेवतं, हे ज्ञान मला साडेआठशे रुपयांच्या कुर्तीच्या बदल्यात मिळालं.

म्हणून, तुम्हीही या नादाला लागणार असाल तर माझे पैसे आणि तुमचं डोकं वाचवायला चार गोष्टी सांगते. एका वेळी तीनच वास घ्यायचे, चौथा नाही. आधी कागदाच्या पट्टीवर, मग आवडला तरच कातडीवर. नवीन तेल पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून दिवसभर ठेवायचं. खाज सुटली, लाल झालं तर ते तेल आपलं नाही. लावल्यावर मनगटावर मनगट घासत बसायचं नाही, टेकवायचं आणि सोडून द्यायचं. दुकानात वासांच्या मध्ये हुंगायला कॉफीच्या बिया देतात ना? संशोधकांनी तपासून पाहिलं तेव्हा त्या साध्या हवेपेक्षा काही सरस ठरल्या नाहीत. दारापाशी जाऊन मोकळा श्वास घ्या, झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लगेच मत बनवायचं नाही. स्प्रे परफ्यूममधलं अल्कोहोल उडून जाताना वासाला ढकलत नेतं, म्हणून तो खोलीभर पसरतो. तेलाला अशी घाई नसते. ते अंगाच्या उबेनं हळूहळू उलगडतं, अंगाजवळच राहतं. पहिल्या पाच मिनिटांत जे नाकात येतं आणि दोन तासांनी जे उरतं, ती दोन वेगळी माणसं असतात. लग्नासाठी मुलगा बघायला पाच मिनिटं पुरत नाहीत, तसंच हे!

साखरेला वास नसतो

महिनाभरात मी एवढी रमले की लंच टाइममध्ये केकवाली आणि मी मनगटं हुंगत बसायचो आणि बाकीचे लोक आमच्याकडे दयेनं बघायचे. मी वाचायलाही लागले. आणि वाचता वाचता कळलं की या सगळ्या कुप्यांमध्ये साखरेचा एक कणही नाही.

व्हॅनिलाची गोष्टच घ्या. ही एका ऑर्किडची शेंग, मूळ मेक्सिकोकडची. दुसरीकडे वेल लावले तर शेंगा धरेनात. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडीनं आणि अंगठ्यानं फुलाचं परागीभवन करायची युक्ती काढली. आजही बहुतेक व्हॅनिला असंच एकेक फूल हातात धरून केलं जातं. म्हणून ते महाग. मग १८७४ मध्ये जर्मनीत टीमान आणि हारमान या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी पाइन झाडातल्या एका द्रव्यापासून व्हॅनिलिन तयार केलं आणि व्हॅनिलाचा वास स्वस्त झाला. १८८९ मध्ये गेर्लांच्या 'जिकी' या परफ्यूममध्ये तो आला.

तरीही शंभर वर्षं कुणी आख्खं मिठाईचं दुकान बाटलीत भरलं नव्हतं. ते घडलं १९९२ मध्ये. थिएरी म्यूग्लेर या फॅशन डिझायनरला आपल्या लहानपणीच्या जत्रेतले वास परफ्यूममध्ये हवे होते. ऑलिव्हिए क्रेस्प या परफ्यूमरनं त्यात एथिल माल्टॉल नावाचं रसायन ढळढळीतपणे वापरलं. या एथिल माल्टॉलचा वास म्हणजे डिट्टो आपले म्हातारीचे केस! जत्रेत काडीवर गुंडाळून मिळतात ना, गुलाबी, तेच. त्याच्या जोडीला मातकट पाचोळीचं तेल. परफ्यूमचं नाव 'एंजल'. काहींनी नाकं मुरडली, काही वेडे झाले आणि गुरमाँची लाट सुरू झाली. केकवालीच्या पर्समधली करंगळीएवढी बाटली त्या लाटेतलीच.

पण मला खरा धक्का बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. शुद्ध साखरेला वास नसतो! विश्वास नसेल तर आत्ता उठा आणि साखरेचा डबा हुंगून या. गोड ही जिभेची भानगड आहे, नाकाला गोड कळतच नाही. मग व्हॅनिलाचा वास आपल्याला 'गोड' का वाटतो? कारण नाक शिकतं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी वास साखरेच्या पाण्याबरोबर चाखायला दिले. थोड्या वेळांनंतर नुसता तो वास दिला, तरी लोकांना तो आधीपेक्षा गोड वाटायला लागला. म्हणजे कोणता वास गोड, हे आपण लहानपणापासून काय खाल्लं त्यावर ठरतं.

हे वाचलं आणि मी समोरच्या सहा कुप्यांकडे बघितलं. मार्शमेलो? मी तो पहिल्यांदा खाल्ला सव्विसाव्या वर्षी, टीम आउटिंगला, शेकोटीवर जाळून. क्रेम ब्रुले आजवर एकदाच, तेही बॉसच्या पैशानं. वास छान होते, पण मला एखाद्या फाइव्ह स्टार हॉटेलच्या लॉबीत बसल्यासारखं वाटायचं. मस्त एसी, पण घर कुणाचं? माझ्या नाकाला गोड शिकवणारी मंडळी वेगळी होती. वेलची. जायफळ. आटणारं दूध. तुपात परतलेला खवा.

असं तेल कुठे मिळेल? केकवालीनं खांदे उडवले. "आजोबा लोकांकडे विचार," म्हणाली. थट्टेत म्हणाली, पण बरोबर बोलली.

मोहम्मद अली रोड

शनिवारी दुपारी ठाण्याहून फास्ट पकडली आणि सीएसएमटीला उतरले. क्रॉफर्ड मार्केट मागे टाकून जे.जे. फ्लायओव्हरच्या खालून चालत सुटले. मोहम्मद अली रोडला अत्तरांची दुकानं आहेत, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. काचेच्या कपाटांत नक्षीदार कुप्या, मोठाल्या बाटल्या, त्यांवर उर्दू आणि इंग्रजीत चिठ्ठ्या. गल्ल्याच्या मागे पांढरी दाढी आणि पांढरा कुर्ता घातलेले एक चाचा बसले होते.

"चाचा, मिठाई के जैसा कुछ है?"

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. "सब वही मांगते हैं आजकल," म्हणाले. "पहले लोग गुलाब मांगते थे, हीना मांगते थे. अब चॉकलेट मांगते हैं." मग एका मागून एक बाटल्या काढायला लागले. प्रत्येक बाटलीच्या झाकणाला आतून काचेची लांब काडी. ती कागदाच्या पट्टीला टेकवायची, पट्टी हवेत हलवायची, मग माझ्याकडे. चॉकलेट आलं, कॅरॅमल आलं, खजूर आणि दालचिनी आली.

"देसी कुछ? दूध, इलायची?"

ते थांबले. नीट माझ्याकडे बघितलं. मग मला बसायला स्टूल दिलं. शिकवायला बसतात तसे बसले. आधी खरं अत्तर हुंगवलं. कन्नौजचं मातीचं अत्तर. भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगमध्ये पाण्याबरोबर चढवतात, वाफ बांबूच्या नळीतून खालच्या भपक्यात उतरते आणि तिथल्या चंदनाच्या तेलात मुरते. पट्टी नाकाशी नेली आणि थेट जूनचा पहिला आठवडा. कौलं, अंगण, आजोळ. डोळे मिटलेच माझे.

"मगर रबडी को देग में नहीं चढ़ा सकते," चाचा म्हणाले. "दूध फट जाएगा. वो जो तुम मांग रही हो, वो असली इत्र नहीं है बेटा, कंपाउंड है. बनाया हुआ है. मैं झूठ नहीं बोलूंगा."

मला हे आवडलं. ऑनलाइन सेटवर 'शंभर टक्के नैसर्गिक कपकेक' असं लिहिलं होतं! कपकेकचं झाड कुठे असतं, देव जाणे.

मग त्यांनी सगळ्यात खालच्या फळीवरून एक बाटली काढली. फिकट पिवळं तेल. हाताच्या पालथ्या बाजूला काडी टेकवली. मी हुंगलं. वेलची, जरा जास्तच टोचणारी. बाकी काहीच नाही. चेहरा पडला असावा माझा, कारण चाचांनी बाटली लगेच बंद केली.

"अभी मत लो. आधा घंटा बाजार में घूमो. फिर सूंघो. अच्छा लगे तो आना."

विकायला बसलेला माणूस 'आत्ता घेऊ नका' म्हणतो, हे मी कॉर्पोरेट आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

मी मिनारा मशिदीच्या बाजूला गेले. तिथे एका कढईत मालपुवा तळला जात होता. साजूक तुपाचा, अंड्याचा, साखरेचा वास. शेजारी मातीच्या पसरट वाट्यांत फिरनी. लोक उभ्याउभ्या खात होते. मी बाजूला उभी राहिले. खरं सांगते, भयंकर वाईट वाटलं. स्वतःचीच दया आली. महिनाभर मी ऑफिसात ऐटीत सांगत होते की, या तेलांमुळे माझी गोडाची इच्छा भागते. साफ खोटं होतं ते. पहिले दोन आठवडे तर व्हॅनिला लावला की जास्तच खावंसं वाटायचं. दोनदा रात्री पॅन्ट्रीतली बिस्किटं खाल्ली होती. लपून. कुणाला न सांगता.

लपून. हा शब्द मनात आला आणि कपाळावरचा घाम पुसायला मी हात वर केला. हात नाकाजवळून गेला.

वेलचीचं टोक मोडलं होतं. खालून दूध वर आलं होतं. आटलेलं, किंचित करपलेलं, जायफळ घातलेलं. आणि त्या सगळ्याखाली काहीतरी कोरडं, कागदासारखं, इस्त्रीच्या कापडासारखं.

बाबांचा खिसा.

अर्धा पेढा

बाबा सरकारी नोकरीत होते. पांढरा हाफ शर्ट, डाव्या खिशात पेन, डायरी आणि रोज संध्याकाळी कागदाच्या पुडीत एक पेढा. स्टेशनबाहेरच्या मिठाईवाल्याकडून घेतलेला. डायबिटीस कळल्यावर घरात गोड बंद झालं, त्यानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा शाळेत. मला कोपऱ्यावर भेटायचे, पुडी उघडायचे, अर्धा पेढा मला, अर्धा त्यांना. "आईला सांगायचं नाही हं. प्रसाद आहे, प्रसादाला नाही म्हणू नये." कुठल्या देवाचा प्रसाद रोज स्टेशनवर मिळतो, हे मी कधी विचारलं नाही. मला अर्धा पेढा मिळत होता.

मी कधीच आईला सांगितलं नाही. डायलिसिस सुरू झालं, तेव्हाही नाही. ते गेल्यावरही नाही. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जोडलेल्या माणसाशेजारी बसताना माझ्या डोक्यात एकच हिशेब चालायचा, किती अर्धे पेढे झाले असतील? मला सांगता आलं असतं. अर्ध्या पेढ्यासाठी मी गप्प बसले.

वासाचं असं का होतं, हेही मी वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या जंक्शनवरून पुढे जातं. वास मात्र तिथे न थांबता भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांत सरळ पोचतो. फास्ट लोकल! वाचताना हे मजेशीर वाटलं होतं. मालपुव्याच्या कढईसमोर रडताना मजेशीर वाटलं नाही. एका काकूंनी विचारलं, "क्या हुआ, तेल उड़ा क्या?" मी मान डोलावली.

परत गेले आणि पाव तोळ्याची कुपी घेतली. अत्तराच्या बाजारात पाव तोळा म्हणजे तीन मिली. दोनशे रुपये. चाचांनी कापसाचा फाया करून कुपीबरोबर बांधून दिला. काही विचारलं नाही.

"खाल्लंस ना?"

घरी पोचायला साडेसात झाले. आईनं दार उघडलं, मी आत शिरले आणि ती जागच्या जागी थांबली. नाक वर. मग माझ्याकडे असं बघितलं की मी चपला काढायच्या विसरले.

"खाल्लंस ना?"

"काय?"

"पेढा खाल्लास. मला काय वास येत नाही?"

"आई, अत्तर आहे ते..."

"खोटं बोलू नकोस!" आईचा आवाज चढला. एवढा चढलेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "एक माणूस खोटं बोलत बोलत गेला माझ्यासमोर. आता तूही?"

मी हात पुढे केला. तिनं मनगट धरलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग सोफ्यावर बसली. माझं मनगट सोडलंच नाही.

"ह्यांच्या शर्टाला असा वास यायचा," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं. कोपरा, पुडी, प्रसाद, अर्धा पेढा. एवढ्या वर्षांचं. बोलून झालं आणि मी तिच्याकडे बघायची हिंमत गोळा करत होते, तेवढ्यात ती म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं?"

"तुला माहीत होतं?"

"शर्ट कोण धूत होतं? खिशात कागद असायचा रोज. तुपकट. तुझ्या युनिफॉर्मच्या खिशालाही तोच वास. बाप-लेक दोघं एकदम शहाणे!"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. पहिली दोन वर्षं रोज बोलले. तुला आठवत नाही, लहान होतीस. ते चिडायचे, दोन दिवस जेवायचे नाहीत, मग लपून दोन पेढे खायचे. मग मी बोलणं सोडलं. रात्रीचा भात अर्धा केला, चहातली साखर काढली, संध्याकाळी देवळाच्या नावानं चालायला न्यायला लागले. माझ्या हातात होतं तेवढं केलं." जरा थांबून म्हणाली, "तू सांगितलं असतंस तरी काही झालं नसतं गं. एका पेढ्यानं माणूस जात नाही. औषधं चुकवायचे, तपासण्या टाळायचे. त्याचं काय?"

मी रडत होते. ती नव्हती. तिनं माझ्या हातातून कुपी घेतली, दिव्यापुढे धरून बघितली. "केवढ्याला?"

"दोनशे."

"दोनशेत पाव किलो पेढे आले असते," ती म्हणाली आणि मग आम्ही दोघी हसत सुटलो.

पुढे काय?

पुढे फार काही चमत्कार झाला नाही. अत्तरानं शुगर कमी होत नाही, तसं कुणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी आता रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास चालते, आई सोबत असते. बिस्किटांचा डबा मी ऑफिसातल्या दुसऱ्या टोकाला हलवलाय, म्हणजे निदान चालणं तरी होतं! तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट केली. ५.९. डॉक्टर म्हणाले, "एक पाय प्लॅटफॉर्मवर आला." दुसरा बाकी आहे.

नाद सुटलेला नाही. कुप्या आता अकरा झाल्यात. मार्शमेलो केकवालीला देऊन टाकला, तिला तो शोभतो. बदल्यात तिला मातीच्या अत्तराचा फाया दिला. "आजोबा लोकांचं" म्हणणारी बाई आता दर महिन्याला मोहम्मद अली रोडला यायचं म्हणून मागे लागते. पेढ्याचं अत्तर मात्र मी ऑफिसला लावत नाही. ते घरी, रविवारी, एखाद वेळेला.

परवा कोजागिरी होती. आईनं बऱ्याच वर्षांनी दूध आटवायला ठेवलं. वेलची कुटली, जायफळ किसलं, केशराच्या चार काड्या टाकल्या. गच्चीत चटई टाकून आम्ही बसलो. मी घाईत कुपी घेऊन वर आले होते, म्हटलं, आज लावू या. आईनं हातानंच नको म्हटलं आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

माझ्या कपात तिनं अर्ध्यापर्यंतच दूध ओतलं, मोजून. साखर नावाला. तिच्या स्वतःच्या कपातही तेवढंच. तिसरा कप तिनं कठड्यावर चंद्रासमोर ठेवला. काठोकाठ भरलेला.

"त्यात साखर घातलीयस?" मी विचारलं.

"दोन चमचे," आई म्हणाली. "आता काय व्हायचंय त्यांना?"